जेवताना न बोलण्याचा नेम

जबलपूर
९ सप्टेंबर १९७८

ती. पद्मजावहिनींस,
अनंताचा साष्टांग नमस्कार.

सवयीनं आधी 'सौ.' लिहिलं, मग तो कागद फाडून हा दुसरा घेतला. परवा सुखरूप पोचलो. दादाचं तेरावं उरकून तुम्हाला आणि आईला त्या घरात ठेवून निघताना पाय उचलत नव्हता. पण आमच्या तारखात्यात रजा म्हणजे भीक, ती फार दिवस मागता येत नाही.

इथल्या हिंदी पेपरातही सगळं आलं होतं. ऑफिसात जो तो विचारतो आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. माझा भाऊ यज्ञेश्वर खांबेटे भूमापन खात्यात होता, कोंढाळवाडीला नव्या रस्त्याची आखणी करायला गेला. मच्छिंद्र नावाच्या शेतकऱ्यानं बरोबरच्या शिपायाची बंदूक हिसकावली, दादाला मळ्यातल्या खोलीत कोंडलं आणि 'रस्ता माझ्या विहिरीवरून नेणार नाही असं लिहून द्या' म्हणून अडून बसला. पोलिसांनी वेढा घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दादाला गोळी घातली आणि मग पोलिस आत शिरले. इतक्यांदा सांगितलंय की आता सांगताना रडूही येत नाही, याचंच वाईट वाटतं.

पुण्याहून निघताना आपल्या पेठेतला बाळ नगरकर जिन्यात गाठून म्हणाला, "अनंता, गोळी कुणाची ते बघ." तुम्ही असल्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. सरकारनं निवेदन काढलंय ते सरळ आहे. सकाळपासून दादा पोलिसांच्या हाकेला ओ देत होता. दुपारी पुन्हा पुन्हा हाका मारल्या तेव्हा ओ आली नाही. म्हणजे तो आधीच मारला गेला होता. जिवंत माणूस ओ देईल की नाही? पुणेकरांना सरळ गोष्ट सरळ दिसली तर त्यांचं जेवण पचत नाही.

आईपर्यंत पेपर जाऊ देऊ नका. तिला जपा, स्वतःलाही जपा.

आपला,
अनंत


नारायण पेठ, पुणे
३ ऑक्टोबर १९७८

श्री. अनंतभावजींना,
पद्मजाचा नमस्कार.

'सौ.'चं मनाला लावून घेऊ नका. परवा एका बारशाच्या आमंत्रणाला उत्तर लिहिताना मीही नावामागे तेच लिहून बसले होते.

इथे आता प्रत्येक ओट्यावर एक कोर्ट भरतं. बाळ नगरकरांनी नागरिक समिती काढली आहे. शनिवारी सभा झाली, मला पहिल्या रांगेत बसवलं, हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. त्यांचं म्हणणं असं की रस्ता कुणाच्या तरी सोयीसाठी मुद्दाम वळवला होता, हे ह्यांना समजलं होतं, म्हणून गडबडीत ह्यांचा काटा काढला. टाळ्या पडल्या. मी घरी येताना मनात म्हटलं, ह्या माणसाला फुटलेली कपबशी माझ्यापासून लपवता यायची नाही, तो एवढं गुपित पोटात घेऊन हिंडत होता होय!

शंका खूप आहेत लोकांना. गावातले म्हणतात, पोलिसांच्या आधी आतून गोळीचा आवाज आलाच नाही. शिपायाच्या बंदुकीत मोजताना एक गोळी कमी भरली, ती मच्छिंद्रनं पहिल्याच दिवशी हवेत झाडली होती, असं ते सांगतात. पोलिस म्हणतात, हवेत झाडलीच नाही. बंदुका सगळ्या एका जातीच्या, त्यामुळे गोळी कुणाची ते गोळीवरून ठरत नाही म्हणे.

मला मात्र एक गोष्ट दिसलेली आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. ओळख पटवायला मला नेलं तेव्हा तुम्ही गाडीत होतात. मी ह्यांचा हात हातात घेतला. उजव्या हाताच्या बोटांना पिठलं लागून वाळलेलं होतं. मी पदरानं पुसलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. भावजी, हे भरल्या पानावर गेले.

आणि आता जे सांगते ते तुम्हाला ठाऊक नसेल. आईंनी यंदा ह्यांना आषाढी एकादशीपासून मौनानं जेवायचा नेम दिला होता. पित्तासाठी, म्हणाल्या; बडबडत जेवलं की बाधतं. पान वाढल्यापासून हात धुईपर्यंत अक्षर बोलायचं नाही, कार्तिकीपर्यंत. ह्यांची जीभ तुम्ही जाणता. मला वाटलं चार दिवस टिकेल. पण आईंच्या पायाला हात लावून कबूल केलं होतं, ते पाळलं. खरं सांगते, आमच्या लग्नातला तो सवा महिना सगळ्यात बरा गेला. आमटी हवी असली की वाटी पुढे करायचे. एकदा माझ्याकडे बघून हसलेसुद्धा.

म्हणजे दुपारी कर्ण्यातून 'खांबेटे, जिवंत असाल तर ओ द्या' अशी हाक आली तेव्हा हे जेवत होते. सकाळपासून ओ देतच होते. हे पान उरकून देऊ म्हणाले असतील मनात. बाहेरच्यांनी गृहीत धरलं, माणूस गेला. दार फोडलं, गोळ्या झाडल्या, त्यातली एक ह्यांना लागली. मी वकील नाही. पण मला हे असं दिसतं.

हे मी बोलले नाही तर तो मच्छिंद्र फासावर जाईल. बोलले तर आईंना कळेल की त्यांच्या नेमानं त्यांचा मुलगा गेला. रात्रंदिवस हे दोन्ही घेऊन बसले आहे. तुम्ही सांगा काय करू.

पद्मजा


जबलपूर
२० नोव्हेंबर १९७८

ती. वहिनींस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. पत्र खिशात घेऊन हिंडत होतो.

तुम्ही म्हणता तसं झालंही असेल. पण वहिनी, बोटांना पिठलं होतं म्हणजे त्याच घडीला जेवत होता असं कशावरून? जेवून हात पुसला असेल. आणि जिवावर बेतलेलं असताना नेम पाळत बसायला दादा काही खुळा नव्हता.

बरं, असेल तसं. तरी तुम्ही बोलायचं नाही. त्या मच्छिंद्रनं बंदूक हिसकावली नसती तर हे काहीच झालं नसतं, हे विसरू नका. आणि आई? वडील गेल्यावर तिनं दादाकडे बघून दिवस काढले. मी इकडे परमुलखात; तिचा सगळा जीव त्याच्यात. आपल्याच शब्दानं तो गेला हे ऐकून ती दुसरा दिवस बघेल का? एका अनोळखी माणसासाठी मी आईचा जीव पणाला लावणार नाही. घरात आता मीच थोरला, म्हणून सांगतो. राग मानू नका.

सभांना जाणंही बंद करा. लोकांना तुमच्या दुःखाशी काही घेणं नाही, त्यांना संध्याकाळची करमणूक हवी आहे.

अनंत


नारायण पेठ
१८ जानेवारी १९७९

श्री. अनंतभावजींना,
नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तशी गप्प आहे. सभांना जात नाही. त्यावरून बाळ नगरकर म्हणत फिरतात की सरकारनं मला गप्प केलं. तेवढं एक त्यांचं निम्मं बरोबर आहे. गप्प केलं, पण सरकारनं नाही.

कार्तिकीला एक झालं. आईंनी शेजारच्या विजयमालाकाकूंकडून पितळी घंटा आणवली आणि देवळात देऊन आल्या. मौनाच्या नेमाची सांगता घंटा देऊन करतात ना. म्हणाल्या, "त्याचं अर्धं राहिलं होतं, पुरं केलं." मग तुळशीपाशी जाऊन बसल्या. त्यांच्या ध्यानात काही आलेलं नाही, निश्चिंत असा.

आता कालचं. दुपारी दारात एक बाई उभी. नऊवारी, कपाळ भरून कुंकू, पायात धूळ. स्वारगेटला उतरून विचारत विचारत चालत आली होती. मच्छिंद्रची आई, बायडाबाई. आई आतल्या खोलीत पडल्या होत्या. मी दार लावून घेणार होते, पण तिनं चौकटीवर हात ठेवला. रडली नाही की पाया पडली नाही. उंबऱ्याबाहेरच बसली आणि बोलत राहिली.

वेढ्यातून जेवण घेऊन आत जायची परवानगी फक्त तिलाच होती. पहिल्या दिवशी तिनं कांदा घालून कालवण नेलं तर ह्यांनी हात जोडले, चातुर्मास आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिनं बिनकांद्याचं पिठलं आणि भाकरी केली. मच्छिंद्रनंच ह्यांना हात धुवायला पाणी दिलं. हे पानावर बसले आणि पोलिसांनी तिला बाहेर बोलावून घेतलं. मळ्याच्या बांधापर्यंत गेली असेल नसेल, तोवर मागे गोळ्या सुरू झाल्या.

"बाई, माझ्या पोरानं बंदूक वढली, साहेबास्नी कोंडलं, त्याची शिक्षा त्याला हुंद्या. पर साहेब माझ्या हातची भाकर खात व्हतं. खाणाऱ्या मानसाला माझा पोर मारंल का वो?"

ती म्हणाली, मच्छिंद्र तुरुंगात एकच सांगतो, साहेब जेवताना बोलत नव्हते, मी 'ओ द्या' म्हणालो तर त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. वकील सर्जेराव त्याचं काम बघताहेत, तेसुद्धा म्हणतात, हे कोर्टात सांगू नकोस, हसतील. मी ऐकत बसले. मला ठाऊक होतं आणि मी ऐकत बसले.

तेवढ्यात आई उठून बाहेर आल्या, कोण आहे म्हणाल्या. मी म्हटलं, भाजीवाली. आईंनी तिच्याकडे पाहिलं, मला चहा टाकायला सांगितलं, आणि दोघी उन्हात गप्प बसून चहा प्यायल्या. ती गेल्यावर मी आत जाऊन खूप रडले.

खटला फेब्रुवारीत उभा राहतो आहे. भावजी, मला मोकळं करा. एवढं एक पत्र लिहा, की बोला.

पद्मजा


जबलपूर
६ फेब्रुवारी १९७९

ती. वहिनींस,
सा. न.

नाही. हजारदा विचार करून लिहितो, नाही.

ती बाई आई आहे, तिच्या पोरासाठी ती येणारच. मलाही एक आई आहे. तुम्ही त्या बाईला उंबऱ्यावर बसवून घेतलंत हेच चुकलं.

तुमचं मन द्विधा झालेलं पाहून मी एक केलं आहे, तेही कळवतो. सरकारी वकिलांना लिहून टाकलं आहे की खांबेटे कुटुंबाला सरकारी निवेदनाबद्दल कोणतीही शंका नाही, आणि यज्ञेश्वरच्या पत्नीला साक्षीला बोलावून त्रास देऊ नये. आता हा विषय संपला. तुम्ही मला दगड म्हणाल. म्हणा.

अनंत


नारायण पेठ
३ मार्च १९७९

श्री. अनंतभावजी,

दगड म्हणत नाही. दगडाला पत्र लिहिता येत नाही.

काल कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. मच्छिंद्र दिसायला अगदी साधा, ह्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. वकिलांनी नको नको म्हटलं असूनही त्यानं तेच सांगितलं. "सायेब जेवताना बोलत न्हवते. आदल्या दिशीबी न्हाय. म्या म्हनलं सायेब वरडा की, तर हातानं थांब म्हनले."

सरकारी वकिलांनी विचारलं, काय हो, जेवण इतकं चविष्ट होतं का? सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशसुद्धा खाली बघून हसले. पोराची मान खाली गेली. बायडाबाईनं मागे वळून थेट माझ्याकडे पाहिलं. तिला कसं कळलं होतं कोण जाणे, पण तिला कळलं होतं की मला ठाऊक आहे. मी उठले नाही. तुमचं ऐकलं.

घरी आले तर आई विचारतात, "काय म्हणाला तो?" म्हटलं, काही नाही. "काहीच नाही?" म्हणाल्या. मी पानं घेतली. त्या जेवल्या, मी माझं पान झाकून ठेवलं.

एक लक्षात ठेवा. तो फासावर गेला, तर त्यानंतर मी आईंना पान वाढू शकेन की नाही, मला सांगता येत नाही.

पद्मजा


जबलपूर
१० मार्च १९७९

ती. वहिनींस,
सा. न.

तुम्ही उठला नाहीत, उपकार झाले. मनाला लागलंय ते कळतं मला. मेमध्ये रजा मिळाली की येतो आणि तुम्हा दोघींना इकडे घेऊन येतो. पुणं सुटलं की हे सगळं मागे पडेल. आईला काही कळलं नाही ना, एवढं उलट टपाली लिहा.

अनंत


नारायण पेठ
१७ मार्च १९७९

श्री. अनंतभावजींना,

तुमचं पत्र बुधवारी सकाळी आलं. मी वाचत होते तेवढ्यात आई ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून बाहेर आल्या. म्हटलं, कुठे? म्हणाल्या, देवळात. विजयमालाकाकू खाली रिक्षा घेऊन उभ्या होत्या. देवळात जायला रिक्षा कशाला, असं मनात आलं, पण विचारलं नाही. दुपारी बाळ नगरकर धापा टाकत वर आले आणि म्हणाले, चला, तुमच्या सासूबाई पिंजऱ्यात उभ्या आहेत.

मी पोचले तेव्हा शपथ झाली होती. सर्जेराव वकिलांकडे त्या आठवड्यापूर्वीच स्वतः जाऊन आल्या होत्या. बसायला खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. आवाज अगदी घरात बोलतात तसा. मी माझ्या मुलाला आषाढीपासून मौनानं जेवायचा नेम दिला होता, त्यानं माझ्या पायाला हात लावून शब्द दिला होता, तो एकदाही मोडला नव्हता. एवढं सांगितलं आणि थांबल्या.

सरकारी वकील उठले. तुमचं पत्र त्यांच्या हातात होतं, भावजी. त्यांनी ते वाचून दाखवलं. म्हणाले, आजी, तुमचे धाकटे चिरंजीव लिहितात की कुटुंबाला काहीही शंका नाही. आई म्हणाल्या, "तो जबलपूरला असतो. पानं मी वाढते."

मग त्यांनी विचारलं, "जीव जायची वेळ आली तरी तुमचा मुलगा एक शब्द बोलला नसता, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"जीव जायची वेळ आलीय हे त्याला कुठे माहीत होतं? त्याला वाटलं, दोन घास राहिलेत."

"तुम्ही तिथे होतात?"

"नव्हते. असते तर मीच ओ दिली असती."

कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वकिलांनी आणखी काही विचारलं, नेम कशासाठी दिला, आणखी कोणाला ठाऊक होतं. त्या सावकाश उत्तरं देत राहिल्या. सुनेला ठाऊक होतं का, यावर म्हणाल्या, ती घरातच असते, तिला विचारा. मी मागच्या बाकावरून उठले. मला बोलावलं तेव्हा बोटांना लागलेल्या पिठल्याचं सांगितलं. तुमची परवानगी घेतली नाही.

बाहेर आल्यावर बायडाबाई आईंच्या समोर येऊन उभी राहिली. आईंनी तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, तुम्ही त्याला जेवू घातलंत. मला बघवेना.

रिक्षात आईंनी माझा हात सोडला नाही. त्या रात्री झोपल्या. मी जागी होते.

आता लोकांचं सांगते. ज्यांनी सहा महिने सत्य सत्य म्हणून ओट्यांवर घसा कोरडा केला त्यांना हे सत्य आवडलेलं नाही. कटात मेलेला माणूस त्यांना चालत होता, नेमापायी मेलेला नको. बाळ नगरकर म्हणाले, म्हातारीनं सगळी केस किरकोळ करून टाकली. एका पेपरात आलं की तिला पढवलंय. दुसऱ्यात छापलंय, सनातनीपणाचा बळी. सकाळी आमच्या जिन्याखाली कुणी तरी 'ओ द्या' म्हणून हसत गेलं. आई वर दाराशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकलं आणि निवडत राहिल्या.

पद्मजा


जबलपूर
२६ मार्च १९७९

तीर्थरूप आईस,
अनंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनींचं पत्र मिळालं. माझं पत्र तुझ्यासमोर, भर कोर्टात वाचून दाखवलं गेलं हे वाचल्यापासून मला कोणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. तुला वाचवायचं म्हणून लिहिलं होतं गं. वहिनींना मी चार महिने गप्प बसवलं. त्या बोलणार होत्या, मीच आडवा आलो. रागवायचं तर माझ्यावर रागाव.

पण आई, तुला हे ठाऊक होतं तर आमच्याशी का बोलली नाहीस? केव्हापासून ठाऊक होतं? आणि एकटीनं कसं सोसलंस? दोन ओळी लिही.

तुझा,
अनंत


नारायण पेठ, पुणे
२ मे १९७९

चिरंजीव अनंतास,
आनंदीबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पद्मजा दोन दिवस तिच्या माहेरी गेली आहे, मीच धाडली. ती असताना हे पत्र लिहिता आलं नसतं.

निकाल तू वाचला असशील. खुनाबद्दल संशयाचा फायदा देऊन त्या पोराला सोडलं. बंदूक हिसकावली आणि यज्ञेश्वरला कोंडलं त्याची सजा भोगेल. त्याच्या आईचीही हरकत नाही, भोगलीच पाहिजे. पोलिसांना कोणी काही विचारलं नाही. सरकारी निवेदन होतं तिथेच आहे. यज्ञेश्वरच्या ऑफिसात त्याची तसबीर लावली आहे, खाली 'माथेफिरूच्या गोळीला बळी' असं लिहिलंय. ते पुसा म्हणून विनंती करून आले. बघू म्हणाले.

तू विचारतोस, केव्हापासून ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. तुम्ही पेपर घरात येऊ देत नव्हता, पण विजयमाला दुपारी येऊन मला वाचून दाखवत होती. दुपारची वेळ होती आणि तो बोलला नाही, एवढं ऐकलं आणि मला कळलं. तुम्ही काही तरी बोलाल म्हणून वाट पाहिली. तुम्ही बोलला नाहीत तेव्हा वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून गप्प आहेत. मग ती बाई आली. पद्मजा म्हणाली भाजीवाली. टोपलीशिवाय भाजीवाली कधी आली होती आपल्या दारात? चहा पिताना मी तिला विचारलं नाही आणि ती बोलली नाही, पण उठताना तिनं माझ्या बशीवर बशी ठेवली आणि म्हणाली, "साहेब लई धीरानं जेवत व्हतं." तेव्हा कळलं की पोरं मला जपताहेत, आणि माझ्यापायी दुसऱ्या बाईचं पोर जायला निघालंय. मग बसून राहणं शक्य नव्हतं. तरी पाय बाहेर पडायला दोन महिने लागले. मीही माणूसच आहे.

तुझ्यावर राग नाही. तू दूर आहेस, तुला भीती जास्त वाटते.

आता मुख्य. कोर्टात मला विचारलं, नेम कशासाठी दिला. मी म्हटलं, पित्तासाठी. शपथ घेऊन उभी होते, सगळं खरं बोलले, एवढं एक खोटं बोलले. यज्ञेश्वरला पित्त नव्हतं. त्याची जीभ होती. लग्नाला बारा वर्षं होऊन मूल नाही, यावरून तो पानावर बसला की तिला बोलायचा. मीठ कमी पडलं तरी तिथेच जायचा. ती वाढून झालं की आत फडताळाआड जाऊन डोळे पुसायची आणि पुन्हा पोळी घेऊन बाहेर यायची. मला बघवेना. तो माझं ऐकायचा नाही, देवाचं ऐकायचा. म्हणून देवाच्या नावानं त्याचं तोंड बंद केलं. दोन वेळ तिला सुखानं दोन घास मिळावेत म्हणून. मिळालेही. तो हसायला लागला होता तिच्याकडे बघून, मी पाहिलंय.

हे तिला कळलं तर ती म्हणेल, माझ्यासाठी गेला. तिला अजून पुष्कळ जगायचंय. मी थोडी राहिले, माझ्या वाट्याला हे राहू दे. तू कधी तोंडातून काढू नकोस, मी गेल्यावरही नाही.

पत्र वाचून झालं की जाळ. मेमध्ये येणार म्हणालास तो ये, पण आम्हाला न्यायला म्हणून येऊ नकोस. पद्मजाला इथल्याच शाळेत शिवणाच्या शिक्षिकेचं काम मिळतंय.

आईचे आशीर्वाद